कासरा कोणाच्या हाती? परभणीच्या मुलखातील जनावरे, प्रदर्शने आणि पोरांचे शिक्षण

पशुप्रदर्शनाचा निकाल जाहीर होतो तेव्हा त्यात जनावराची जात असते, वयोगट असतो, मालकाचे नाव आणि गाव असते. 'लालकंधारी वळू, चार दाती, प्रथम' असे पुकारले की टाळ्या पडतात, मालक फेटा सावरत पुढे येतो आणि ढाल किंवा धनादेश घेतो. वळू मात्र त्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असतो. कासरा धरणारा हा माणूस बहुधा सालगडी असतो, कधी घरातला धाकटा भाऊ, तर पुष्कळदा बारा-पंधरा वर्षांचे एखादे पोर. निकालाच्या यादीत त्याचे नाव नसते. मराठवाड्यातील पशुपालनाचा इतिहास लिहायचा तर अडचण येते ती नेमकी इथे. जनावरांची नोंद सापडते, मालकांची सापडते. ज्या हातांनी ती जनावरे माणसाळवली, त्यांची सापडत नाही.

श्वान प्रदर्शनांच्या जगात या प्रश्नाला एक उत्तर शोधले गेले आहे. तिथे 'ज्युनियर हँडलिंग' नावाचा स्वतंत्र वर्ग असतो. रिंगणात मूल कुत्रा घेऊन उतरते आणि परीक्षक गुण देतो ते मुलाच्या हाताला. कुत्रा किती देखणा, किती उंची वंशावळीचा, हे त्या वर्गात मोजलेच जात नाही. ही कल्पना आपल्याकडे अजून महानगरांतल्या मैदानांपुरतीच राहिली आहे. पण जनावर धरणाऱ्या पोरांची परंपरा परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर या पट्ट्यात त्या कल्पनेपेक्षा कितीतरी जुनी आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर अशा वर्गाने मुलांना काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हे बरेच स्पष्ट होते.

आखरावरची शाळा

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतला परभणी जिल्हा हा काळ्या, चिकट जमिनीचा मुलूख. ट्रॅक्टर येईपर्यंत ही जमीन बैलाशिवाय हलत नसे. बैल म्हणजे इथे प्रामुख्याने लालकंधारी आणि काही भागांत देवणी. लालकंधारीचे नाव नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून आले. तिचा उगम परंपरेने कंधारच्या सोमदेवराय राजाशी जोडला जातो. गडद तांबडा रंग, मध्यम बांधा, उन्हाला आणि कमी चाऱ्याला दाद न देणारी काटक प्रकृती ही तिची ओळख. देवणी लातूर-उदगीरकडची, पांढऱ्यावर काळे ठिपके मिरवणारी, कामाला आणि दुधाला दोन्हीकडे चालणारी. दोन्ही जातींना राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जाती म्हणून मान्यता आहे.

या जाती टिकल्या त्यात वळू पाळणाऱ्या पाटलांचा आणि देशमुखांचा वाटा मोठा आहे, आणि तो सांगितलाही जातो. दुसरा वाटा गुराखी पोरांचा. सकाळी गावची जनावरे आखरावर गोळा व्हायची आणि तिथून गुराखी ती रानात न्यायचे. मोबदला धान्यात मिळे. शंभरभर जनावरांतली कोणती गाय कोणाची, कोणती माजावर आली, कोणती लंगडते, कोणती कालच्यापेक्षा कमी चरली, हे दहा-बारा वर्षांच्या पोराला पाठ असायचे. जनावराच्या पुढून जायचे की मागून, लाथाळ गायीजवळ कोणत्या बाजूने उभे राहायचे, बुजलेल्या गोऱ्ह्याला आवाज देताना तो चढा ठेवायचा की खालचा, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून दाखवले नव्हते. चूक झाली की लाथ बसायची, इतकीच परीक्षा.

या शिक्षणाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. हे पोर आखरावर होते म्हणजे ते शाळेत नव्हते. अभ्यास न करणाऱ्या मुलाला 'गुरे राखायला पाठवीन' अशी धमकी आजही घराघरांत दिली जाते, आणि त्या धमकीमागे पिढ्यांचा अनुभव आहे. गुराखी होणे ही आवड नव्हती. ते भूमिहीन घरातल्या मुलाच्या वाट्याला आलेले काम होते. गुढीपाडव्याला बाप सालाने राहिला की पोरगेही त्याच वाड्यावर गोठ्यात जायचे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्यानंतर तरी सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे दिवसाचे ठिकाण वर्गखोली हेच असले पाहिजे. त्यामुळे आखरावरची शाळा पुन्हा भरवावी, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्या शाळेत साठलेल्या ज्ञानाचा. मुले वर्गात गेली, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या हातातले ज्ञान त्यांच्याबरोबर वर्गात आले नाही. ते बाहेरच राहिले, आणि हळूहळू नाहीसे होत आहे.

पोळ्याची मिरवणूक

वर्षातून एक दिवस मात्र या हातांना गावापुढे येण्याची मुभा होती. श्रावण अमावास्येचा पोळा. आदल्या संध्याकाळी खांदमळणी: जुवाने रट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तेल-तूप चोळायचे, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. सकाळी नदीवर धुणे, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घुंगुरमाळ. दुपारनंतर वेशीत तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि मानाची जोडी पुढे गेल्यावर बाकीच्या सुटतात.

हे नुसते सणाचे वर्णन म्हणून वाचू नये. ढोल-ताशाच्या गदारोळात, पन्नास अनोळखी बैलांच्या शेजारी आपली जोडी शांत उभी ठेवणे ही खरोखरची कसोटी असते. वर्षभर ज्याने मारले, त्याचा बैल त्या दिवशी त्याला ओढत नेतो. ज्याने हाताळले, त्याचा बैल खांद्यावर मान टेकून उभा राहतो. गाव हे पाहते आणि लक्षात ठेवते. पंच नसतात, गुणपत्रिका नसते, तरी निकाल लागतोच.

विदर्भात याच सणाला जोडून तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून आणतात, सजावटीचे परीक्षण होते, बक्षिसे आणि खाऊ वाटला जातो. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. मुलांसाठी वेगळे रिंगण असावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही, याचा हा चांगला पुरावा. तान्ह्या पोळ्याची मर्यादाही उघड आहे. लाकडाचा बैल बुजत नाही, त्याला तहान लागत नाही, आणि त्याच्यावर रागावले तरी काही बिघडत नाही.

पोळ्याची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. रोजचे शेणपाणी, वासरांची देखभाल, धारा, आजारी जनावराची उठाबस यांतला मोठा भाग घरातल्या बायका आणि मुली करतात. पोळ्याच्या मिरवणुकीत मात्र कासरा पुरुषांच्या हातात असतो; बायकांकडे ओवाळणे आणि पुरणपोळीचा घास. काम करणारी एक आणि दिसणारा दुसरा, ही निकालाच्या यादीतली तफावत इथेही आहेच.

माळेगावचे रिंगण

परभणी जिल्ह्याच्या पालम, गंगाखेड या तालुक्यांना लागून असलेल्या लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथे खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांच्या खरेदी-विक्रीसाठी ती दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. कुस्त्यांचा फड आणि लावणी महोत्सव यांच्याबरोबर तिथे पशू, अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन भरते, आणि त्याची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. कुत्र्यांचे प्रदर्शन म्हणजे इंग्रजाळलेल्या शहरी लोकांचे कौतुक, असे ज्यांना वाटते, त्यांनी माळेगावला एकदा जाऊन यावे.

खंडोबाच्या यात्रेत कुत्र्याला मान मिळावा यात नवल नाही. खंडोबाच्या परिवारात घोड्याइतकाच कुत्रा महत्त्वाचा. देवाला वाहिलेला वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा समजतो. पुढ्यातल्या कोटंब्यात भंडारा किंवा अन्न घेऊन कुत्र्यासारखे भुंकत ते खाण्याचा विधी वाघ्यांमध्ये परंपरेने चालत आला आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत कुत्राच गेला. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचा खंड्या नावाचा कुत्रा शिकारीत वाघापासून त्यांना वाचवणारा म्हणून ओळखला जातो आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. तरीही 'कुत्रा' हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. देवाजवळ मान आणि दाराशी धोंडा, अशी ही दुहेरी वागणूक आहे. प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्रा घेऊन उभ्या राहिलेल्या खेड्यातल्या मुलाला आधी या हसण्याला तोंड द्यावे लागते.

माळेगावच्या बैलबाजारात पोरांना आणखी एक विद्या मिळत आली आहे, ती म्हणजे पारख. आदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे वयाचे कोष्टक दात उघडून पाहिल्यावर कळते. साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली कायमची जोडी येते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही दात पुरे होतात. हेडे आणि दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. शेजारी उभे असलेले पोर भाव ऐकत नाही, पण खुराला कोण बघितले, चालवून कोणी पाहिले, कोणी नुसत्या रंगावर भाळले, हे त्याच्या लक्षात राहते. याच बाजारात भोवऱ्यांची शुभाशुभ गणितेही चालतात. कपाळावर अमुक भोवरा असला तर घर बसते, अशा समजुतीमुळे धडधाकट जनावरे मातीमोल भावाने गेली आहेत. पारख आणि अंधविश्वास एकाच माणसाच्या तोंडून एकाच वेळी ऐकायला मिळत असल्याने दोन्ही वेगळे करणे पोराला जड जाते. इथे शिकवणारा हवा.

कारवानी: परक्याचा हात न खपणारा कुत्रा

मराठवाड्याचा स्वतःचा म्हणावा असा कुत्रा म्हणजे कारवानी. लांब अरुंद डोके, खोल छाती, आत गेलेले पोट, चाबकासारखे अंग. नर साधारण सत्तावीस-एकोणतीस इंच उंच, मादी थोडी कमी. कान आणि शेपटीवर लांब केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, पश्चिम आणि मध्य आशियातून आलेल्या कुत्र्यांपासून ही जात झाली, अशी सर्वमान्य समजूत. नावातही ती दिसते. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखले जाते.

हाच कुत्रा कर्नाटकात मुधोळ म्हणून प्रसिद्ध आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास नेटाने केली आणि एक जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली, ही हकीकत वारंवार सांगितली जाते. काही ठिकाणी या भेटीचे साल १९३७ असे छापलेले आढळते. पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी वारला, तेव्हा हे साल खरे असू शकत नाही. एक लेखक दुसऱ्याचे उतरवून घेतो आणि तारीख तपासत नाही, याचा हा नमुना. श्वानपालनाच्या क्षेत्रात वंशावळीचे दाखलेही कधी कधी असेच उतरवलेले असतात, म्हणून ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

नावाचा घोळही अजून आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कॅराव्हान हाउंड म्हणते, तर दुसरी संस्था मुधोळ हाउंड. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदलेल्या मोजक्या श्वान जातींत राजापालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळ आहे. कारवानी हे नाव मात्र मराठवाड्याच्या शेतवस्तीवर राहिले. मेजर वि. वा. सोमण यांच्यासारख्या मराठी माणसाने १९६३ साली इंग्रजीत देशी कुत्र्यांवर पुस्तक लिहिले, पण आपल्या जिल्ह्याच्या शालेय भूगोलात लालकंधारीला जेमतेम एक ओळ आणि कारवानीला तीही नाही.

या कुत्र्याचा एक स्वभाव आपल्या विषयाला थेट भिडतो. कारवानीला धन्याखेरीज दुसऱ्याचा हात अंगाला लागलेला खपत नाही, असे सगळे जाणकार सांगतात. उलट प्रदर्शनाच्या रिंगणात परीक्षक कुत्र्याचे दात पाहतो, खांदा, छाती, मागचे पाय हाताने चाचपतो. म्हणजे कारवानी रिंगणात उभा करायचा तर त्याला महिनोन्महिने आधीपासून परक्या हाताची सवय लावावी लागते, तीही जबरदस्ती न करता. दटावून उभा केलेला कारवानी एक तर अंग चोरतो किंवा दात दाखवतो. लॅब्राडोर घेऊन रिंगणात उतरलेल्या मुलाला जे फुकट मिळते, ते कारवानीवाल्या मुलाला कमवावे लागते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला गुरू मिळणार नाही.

१९७२ सालचे वळण

परभणीच्या पशुपालनाच्या इतिहासात १९७२ या एका सालात चार गोष्टी एकत्र आल्या. पहिली, तो भयानक दुष्काळ. चाऱ्याअभावी दावणी मोकळ्या झाल्या आणि चांगल्या रक्ताची जनावरे मिळेल त्या भावाने गेली. दुसरी, १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. तिसरी, त्याच वर्षी परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे २०००च्या अखेरीस नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर ते त्याच्याकडे गेले. चौथी, वन्यजीव संरक्षण कायदा.

या चौथ्या गोष्टीने कारवानीचे काम काढून घेतले. ससा आणि काळवीट यांच्यामागे धावणे हेच त्याचे काम होते, आणि शिकारीवर जगणाऱ्या पारधी आणि इतर भटक्या समाजांची त्याच्यावर रोजीरोटी होती. कायदा योग्यच होता. परभणी-हिंगोलीच्या माळांवर आज काळवीट दिसते ते त्यामुळेही. पण काम गेलेल्या कुत्र्याचे आणि काम गेलेल्या माणसाचे पुढे काय, याचा विचार कोणी केला नाही. शेतराखण एवढेच कारवानीला उरले, आणि त्यासाठी कोणताही गावठी कुत्रा चालतो.

बैलाचे कामही पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ट्रॅक्टरने घेतले. मग शंकरपट आणि शर्यती हेच खोंडाच्या किमतीचे मोठे कारण उरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. शर्यतीत बैल तीन-चारशे मीटर धावतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. त्या काही सेकंदांसाठी पराणी, शॉक, शेपूट पिरगाळणे असे प्रकार झाले म्हणून तर बंदी आली होती. पोराला तिथे मिळणारा धडा वेगाचा आणि पैजेचा असतो. प्रदर्शनातला धडा उभे राहण्याचा आहे. त्याला गर्दी कमी जमते, पण तो मुलाच्या हाताला सांभाळायला लावतो.

म्हणून प्रदर्शन हे आज देशी जनावराला उरलेल्या मोजक्या कामांपैकी एक आहे. त्या रिंगणात पुढची पिढी कशी घडते, यावर या जाती पन्नास वर्षांनी दावणीला दिसतील की फक्त तिकिटांवर, हे बऱ्याच अंशी ठरणार आहे.

न्यूकॅसल ते वेस्टबरी

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. आधुनिक पद्धतीचे पहिले श्वान प्रदर्शन २८ आणि २९ जून १८५९ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले. ते कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून घेतले होते, त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातीच होत्या आणि बक्षीस होते बंदुकीचे. गंमत अशी की पॉइंटरच्या परीक्षकाला सेटरचे बक्षीस मिळाले आणि सेटरच्या परीक्षकाला पॉइंटरचे. परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाचा प्रश्न प्रदर्शनाइतकाच जुना आहे! अशा गोंधळांतून नियमांची गरज पटली आणि १८७३मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. हिंदुस्थानात ही पद्धत गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आणि संस्थानिकांबरोबर आली. आपल्याच मुलखात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३पर्यंत होती.

मुलांसाठी वेगळा वर्ग मात्र बराच उशिरा आला, आणि तो आधी गोठ्यातून आला. अमेरिकेत ओहायोमध्ये १९०२ साली ए. बी. ग्रॅहॅम या शिक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा गट सुरू केला; पुढच्या 'फोर-एच' चळवळीचे ते मूळ मानले जाते. इंग्लंडमध्ये १९२१ साली डेव्हनमधल्या हेमयॉक या खेड्यात मुलांना वासरे वाढवायला देणारा 'काफ क्लब' निघाला. मुलांनी वासरू वाढवायचे, त्याच्या खर्चाचा हिशेब ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी ते लोकांपुढे आणायचे. कुत्र्यांच्या बाबतीत हे काम लेनर्ड ब्रम्बी या व्यावसायिक हँडलरने केले. १९३२ साली न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरी येथील प्रदर्शनात त्याच्या पुढाकाराने मुलांचा पहिला वर्ग भरला. १९७१मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वर्गाला रीतसर मान्यता दिली. वय नऊ ते अठरा.

ब्रम्बी स्वतः दुसऱ्यांचे कुत्रे रिंगणात धरून पोट भरणारा माणूस होता, हे मला सर्वांत बोलके वाटते. आपल्या भाषेत सांगायचे तर कुत्र्यांच्या जगातला सालगडी. धरणाऱ्या हाताचे मोल कळायला स्वतः धरणाराच असावा लागला.

काय शिकवावे

आपल्याकडच्या श्वान प्रदर्शनांतही 'चाइल्ड हँडलर', 'ज्युनियर हँडलर' असे वर्ग पुष्कळदा असतात. तिथे दोन दोष सहज शिरतात. एक, मूल जितके लहान आणि कपडे जितके झकपक तितके कौतुक अधिक. दोन, महागडा, आधीच तयार झालेला कुत्रा आदल्या दिवशी मुलाच्या हाती दिला जातो. दोन्हींत मूल काही शिकत नाही. वरच्या सगळ्या इतिहासावरून अशा वर्गाने शिकवायच्या गोष्टी अशा दिसतात.

पहिली गोष्ट, जनावराची भाषा. कान मागे गेले, शेपूट पायांत गेली, ओठ चाटले, अंग ताठ झाले, या खुणा वाचता आल्या पाहिजेत. आखरावरच्या पोराला त्या येत होत्या. यातच सुरक्षितता येते. चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, घरी लपवायचे नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे रेबीज असलेल्या देशात प्रत्येक लहान हँडलरला पाठ असलेच पाहिजे.

दुसरी, दिसण्याआधी राखणे. रिंगणातली दहा मिनिटे ही वर्षभराच्या शेणपाण्याची, खरारा-मालिशीची, लसीच्या नोंदवहीची शेवटची ओळ असते. परीक्षकाने मुलाला विचारावे: शेवटचे जंताचे औषध कधी दिले? रोज काय खाऊ घालता? खुरे किंवा नखे कोण कापतो? ज्याने राखले त्याला उत्तर येते. मिरवायला आणलेल्याला येत नाही.

तिसरी, अदलाबदल. परदेशी रिंगणांत परीक्षक कधी कधी दोन मुलांना एकमेकांचे कुत्रे धरायला सांगतो. कसब हातात आहे की कुत्र्यात, ते तिथे उघडे पडते. पैसेवाल्याचा कुत्रा आणि गरिबाचा कुत्रा यांतला फरकही तेवढ्यापुरता पुसला जातो. कारवानीच्या बाबतीत मात्र हे करू नये. परक्याचा हात न सोसणाऱ्या जनावराला त्याच्या स्वभावाबद्दल शिक्षा देणे होईल. नियम कुठे थांबवायचा हे कळणे हेही शिक्षणच.

चौथी, कायदा आणि पैदाशीचा संयम. श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ साली झाले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आत मादी भरवता येत नाही. लागोपाठच्या माजांना पिल्ले घेता येत नाहीत. ढाल मिळालेल्या मादीला दर माजाला भरवून पिल्ले विकणे हा प्रदर्शनाच्या मागच्या दाराचा धंदा आहे. हे दार मुलांना लहानपणीच दाखवले आणि त्याला कुलूप का घातले तेही सांगितले, तर पुढे कोणी बोट दाखवण्याची वेळ येणार नाही.

पाचवी, हार. बैल हरला की शर्यतीच्या मैदानात कोणाच्या हातात पहिली काय वस्तू येते, हे आपण पाहिलेले असते. क्रमांक न आलेल्या मुलाने रिंगणाबाहेर आल्यावर पहिले काम जनावराला पाणी पाजण्याचे करावे. परीक्षकाने निकाल तेवढ्यासाठी दहा मिनिटे उशिरा लावला आणि मुले बाहेर कशी वागतात ते पाहिले, तरी फार मोठी गोष्ट होईल.

सहावी गोष्ट मुलांपेक्षा मोठ्यांसाठी. या वर्गात प्रवेश मालकीवर नसावा. सालगड्याच्या पोराने मालकाच्या वळूचा कासरा धरला असेल, तर त्या वर्गातले नाव आणि बक्षीस त्या पोराचे. मुलगी धारा काढत असेल, कालवडीला तिने वाढवले असेल, तर रिंगणातही तीच उतरेल. शाळेचा दाखला दाखवल्याशिवाय नाव नोंदवू नये, म्हणजे गोठ्यासाठी शाळा सोडवण्याची जुनी रीत नव्या नावाने परत येणार नाही.

साधन घरातच आहे

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठाच्या आवारात गोपैदास प्रकल्प आहे, जिल्हा परिषदांचे पशुसंवर्धन विभाग आहेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर माळेगावचे तयार रिंगण आहे. प्रदर्शनाच्या दिवशी वासरू-कालवड आणि श्वान असे दोनच वर्ग मुलांसाठी ठेवावेत. परीक्षक म्हणून एक पशुवैद्य आणि एक जुना गुराखी शेजारी शेजारी बसवावेत. दोघांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि शेवटी मुलांपुढे ते का दिले ते सांगावे. पशुवैद्याला दातांचे शास्त्र माहीत असते, गुराख्याला जनावराचा आजचा मूड. दोघांची भाषा मुलांच्या कानावर एकाच वेळी पडण्याची दुसरी जागा आज जिल्ह्यात नाही.

एवढे करायचे नसेल, तर निदान एक काम बिनखर्चाचे आहे. पशुप्रदर्शनाच्या नोंदणी अर्जावर आणि निकालपत्रकात 'मालक' या रकान्याच्या शेजारी 'सांभाळणारा किंवा सांभाळणारी' असा एक रकाना छापावा. कंधारच्या राजाचे नाव लालकंधारीशी शतकानुशतके जोडलेले राहिले. तिला रानात नेणाऱ्या एकाही पोराचे नाव आपल्याला सांगता येत नाही. पुढच्या शंभर वर्षांनी हा इतिहास लिहायला बसणाऱ्याची तरी तशी अडचण होऊ नये.